प्रारब्ध आणि डाव क्रमांक ११९८२

पत्त्यांचा डाव हा दैववादाचा सर्वांत सोपा दाखला मानण्याची आपल्याकडे जुनी वहिवाट आहे. पिसणारा एक, वाटणारा दुसरा आणि हाती आलेली पाने निमूटपणे उचलणारा तिसरा, एवढे चित्र समोर ठेवले की जीवाच्या पूर्वसंचिताविषयी अधिक काही सांगावयास नको, असे पुष्कळांना वाटते. परंतु हल्ली मोबाइलवर एकट्याने लावावयाचे जे पत्ते घरोघर पोचले आहेत, त्यांतील फ्रीसेल नावाचा प्रकार बारकाईने पाहिला, तर हा साक्षीदार दैववादाच्या बाजूने जबानी देईलच अशी खात्री राहत नाही.

पुणे-सातारा रस्त्यावर, नीरेच्या अलीकडे, भोर तालुक्यातील सारोळे गावी, शिरवळच्या कारखान्यात पाळीवर जाण्यासाठी गाडीची वाट पाहत उभ्या असलेल्या एका तरुणाच्या हाती हा डाव मी जवळून पाहिला. बावन्न पाने आठ ओळींत, सगळीच्या सगळी उताणी. वर पाने तात्पुरती ठेवण्यास चार रिकामी घरे, आणि एक्क्यापासून राजापर्यंत एकेक रंग चढविण्यासाठी आणखी चार. त्याने काळ्या नव्वीवर लाल अठ्ठी ठेवली, इस्पिकचा एक्का मोकळा करण्यासाठी बदामाची राणी वर उचलली, मग एक किलवर, मग एक चौकट. आणि चारही घरे भरून गेल्यावर त्याचा अंगठा जागच्या जागी थबकला. ‘पानंच वाईट पडली,’ असे म्हणून त्याने नवा डाव मांडला.

या तक्रारीची रुजुवात करणे शक्य आहे, हीच या खेळाची थोरवी होय. पॉल अल्फिल यांनी १९७८ साली संगणकावर आणलेल्या या खेळाची जी आवृत्ती जिम हॉर्न यांनी मायक्रोसॉफ्टसाठी तयार केली, तीत ३२,००० डावांना क्रमांक दिलेले होते. तोच क्रमांक मागितला की तीच पाने त्याच क्रमाने पडावयाची. १९९४-९५ मध्ये डेव्ह रिंग यांनी हे सारे डाव स्वयंसेवकांत वाटून दिले, आणि एकाने सोडलेला डाव दुसऱ्याने हाती घ्यावा, असे करीत करीत एक वगळता सर्व डाव सुटले. न सुटलेल्याचा क्रमांक ११९८२. पुढे संगणकाने त्याच्या साऱ्या वाटा धुंडाळल्या, आणि तो सुटत नाही हे कायम झाले. म्हणजे उरलेल्या ३१,९९९ डावांत पानांवर ठपका ठेवण्यास मुळीच आधार नव्हता; वाट होती, ती खेळणाऱ्यास दिसली नाही, इतकेच.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्मसिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत, आणि दैव हे त्यांत पाचवे आहे. अधिष्ठान, कर्ता, करणे आणि चेष्टा ही चार होऊन गेल्यावर त्याची पाळी येते, हा क्रम मला अर्थपूर्ण वाटतो. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांनी कर्मविपाकाच्या जोडीला आत्मस्वातंत्र्याचा विचार त्याच प्रकरणात केला, आणि ज्याचे फळ भोगावयास आरंभ झाला ते कर्म व ज्याचा झालेला नाही ते, असा भेद मुख्य धरला. पडलेली पाने पहिल्या वर्गातील. पुढची चाल कोणाच्याही खात्यावर अद्याप जमा झालेली नाही.

तरीही ११९८२ उरतोच, आणि त्याला बगल देणे अप्रामाणिकपणाचे होईल. ईश्वर एकाला सुखी व दुसऱ्याला दुःखी करतो, तेव्हा तो पक्षपाती ठरत नाही काय, या आक्षेपाला ब्रह्मसूत्रांनी उत्तर दिले आहे की, तो जीवांच्या कर्माची अपेक्षा ठेवून सृष्टी करतो. शंकराचार्यांनी तेथे पर्जन्याचा दृष्टांत दिला, की पाऊस सर्वांना सारखा, भात आणि जव यांचा भेद बीजाचा. मग पहिले बीज कोणाचे, असे विचारले तर संसार अनादि आहे, असे सांगितले जाते. या उत्तराची तर्कशुद्धता मी मान्य करतो. परंतु त्याचा उपयोग कोणी कोठे करावा, याविषयी माझा आग्रह आहे. स्वतः सर्व वाटा चालून पाहिलेल्याने आपल्या दुःखाला प्रारब्ध म्हणावे, तो त्याचा अखत्यार. शेजाऱ्याचे दुःख पाहून काठावरच्याने तो शब्द उच्चारणे हा अधर्म आहे, कारण त्या शेजाऱ्याच्या डावाचा क्रमांक त्याने पाहिलेला नसतो, आणि पुष्कळदा तर तो डाव मांडणारा हात मनुष्याचाच असतो.

सारोळ्याजवळून वाहणाऱ्या नीरेत भाटघर धरणातून सोडलेले पाणी येते, आणि पुढे कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणच्या उसाला जाते. वेळवंडी नदीवरचे ते धरण १९२८ साली पुरे झाले. त्याच्या पाण्याखाली गेलेल्या जमिनी भोरच्या शेतकऱ्यांच्या होत्या, आणि कांबरे गावचे जुने शिवालय उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे अजून उघडे पडते. त्या खोऱ्यातील कुळांना ‘नशिबात होते’ असे सांगून समाधान करणे सोपे आहे. परंतु पाण्याची ती रेघ नकाशावर आखणारे अभियंते होते, मोबदल्याचा आकडा ठरविणारे कारकून होते, आणि मंजुरीच्या हुकुमावर सही होती व तारीख होती.