प्रतिरूप आणि सादृश्य

देवाने मनुष्याला आपल्या प्रतिरूपाचा आणि आपल्याशी सदृश असा घडवला, हे आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो (उत्पत्ती १:२६). हे दोन शब्द एकाच अर्थाचे की वेगळे?

मूळ हिब्रू शब्द आहेत ‘त्सेलेम’ आणि ‘दमूत’. त्सेलेम म्हणजे घडवलेली प्रतिमा. दमूत म्हणजे सारखेपणा. १९७९ साली सीरियात सापडलेल्या एका प्राचीन पुतळ्यावरील अरामी लेखात त्या एकाच पुतळ्याला हे दोन्ही शब्द लावलेले आहेत. म्हणूनच ते जवळजवळ समानार्थी आहेत, असे अनेक अभ्यासक मानतात.

परंतु दुसऱ्या शतकात ल्योंचे बिशप संत इरेनियस यांनी त्यांत फरक पाहिला. प्रतिरूप माणसाच्या घडणीतच आहे. सादृश्य पवित्र आत्म्याच्या योगे लाभते. पापाने ते हरवले आणि ख्रिस्ताने ते परत मिळवून दिले. आपल्या ख्रिस्तसभेचा १९९२ चा धर्मशिक्षणग्रंथही हेच शिकवतो: पापाने विद्रूप झालेला मनुष्य सादृश्याला मुकतो, पण देवाचे प्रतिरूपच राहतो (परिच्छेद ७०५).

म्हणजे प्रतिरूप हे दान आहे, तर सादृश्यात आपल्याला कृपेने वाढायचे आहे. एक पुसता येत नाही, दुसरे रोज जपावे लागते.

आता प्रश्न असा, की कोणता शब्द कोणासाठी वापरावा? माणसाचा कल उलटा असतो. स्वतःविषयी आपण म्हणतो, “आम्ही बाप्तिस्मा घेतलेली देवाची लेकरे.” दारूच्या आहारी गेलेल्या शेजाऱ्याविषयी, जमिनीसाठी कोर्टात गेलेल्या भावाविषयी मात्र विचारतो, “याच्यात देवाचे काय दिसते?” स्वतःला प्रतिरूपाचा आधार, दुसऱ्याला सादृश्याची कसोटी!

पवित्र शास्त्र ही वाट बंद करते. जलप्रलयानंतर देव मनुष्याचे रक्त सांडण्यास मनाई करतो; कारण देतो ते प्रतिरूपाचे (उत्पत्ती ९:६). तो मनुष्य चांगला की वाईट, हे तिथे विचारलेले नाही. संत याकोब तर आणखी पुढे जातात. ज्यांना आपण शिव्याशाप देतो, त्यांनाच ते देवाशी सदृश घडवलेले म्हणतात (याकोब ३:९).

शेजाऱ्याचे वागणे चुकीचे असेल तर ते चुकीचे म्हणावेच लागेल. पण त्याचे माणूसपण आपण दिलेले नाही, म्हणून ते काढून घेण्याचा अधिकारही आपल्याला नाही.

बंधुभगिनींनो, सादृश्याची कसोटी आपण स्वतःला लावू या आणि दुसऱ्याकडे पाहताना त्याच्यातील प्रतिरूप आधी पाहू या. ज्याच्याशी आपले बोलणे बंद आहे, त्याच्यापासूनच सुरुवात करू या.