भाड्याचे घर आणि शेजाऱ्याचा हक्क

परदेशी जावे, समुद्रकिनारी उन्हाच्या गावात लांबच्या मुदतीने एखादे घर भाड्याने घ्यावे आणि पुढचे आयुष्य निवांत काढावे, असे स्वप्न उत्तर युरोपातली बरीच माणसे पाहतात. इंग्लंड, जर्मनी, स्वीडन अशा थंड मुलखांतून निघालेली ही मंडळी स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर येतात. मालागा प्रांताच्या या किनाऱ्याचे नावच ‘कोस्ता देल सोल’, म्हणजे सूर्याचा किनारा. या स्वप्नात गैर काही नाही. थकल्या हाडांना ऊन हवेसे वाटणारच. मात्र त्यातून एक नैतिक प्रश्न उभा राहतो. पैसे मोजले, करारनाम्यावर सही केली, म्हणजे भाडेकरूचे देणे संपले काय?

आम्ही उर्दू शाळेत शिकवणारी माणसे. शब्दांची कुळे शोधण्याची आम्हांला खोड आहे. स्पॅनिश भाषेत भाड्याला ‘आल्किलेर’ म्हणतात. तो अरबी ‘अल-किरा’पासून आला. आमच्या उर्दूतला ‘किराया’ही त्याच घराण्यातला. आणि घर घेताना आपण जी ‘अनामत’ रक्कम भरतो, ती मूळची ‘अमानत’. किराया म्हणजे वापराचे मोल. अमानत म्हणजे दुसऱ्याची वस्तू सांभाळून जशीच्या तशी परत करण्याची जबाबदारी. भाड्याच्या घरात दोन्ही शब्द एकत्र नांदतात, पण पहिलाच तेवढा आपल्या लक्षात राहतो.

स्पेनचा कायदा भाडेकरूला वाऱ्यावर सोडत नाही. १९९४ च्या भाडे कायद्याप्रमाणे राहत्या घरासाठी एका महिन्याचे भाडे अनामत म्हणून द्यावे लागते. २०१९ पासून, काही अपवाद सोडले तर, भाडेकरूला पाच वर्षे राहता येते. मालक कंपनी असेल तर सात वर्षे. २०२३ च्या कायद्याने दलालीही मालकाच्या माथी टाकली. पण कायदा आला की पळवाटही येते. ‘हंगामी’ कराराला हे पाच वर्षांचे संरक्षण नाही. म्हणून सप्टेंबर ते जून घर भाड्याने द्यायचे, उन्हाळा आला की रिकामे करून घ्यायचे आणि पर्यटकांना आठवड्याच्या दराने द्यायचे, असा रिवाज किनाऱ्यावर पडला आहे. बदलीवर आलेला शिक्षक, इस्पितळातली नर्स, हॉटेलातला वाढपी यांना मग दर जूनमध्ये बोचके बांधावे लागते.

आता थोडे आकडे पाहू. काम न करता स्पेनमध्ये राहण्याचा परवाना हवा असेल, तर युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला २०२५ साली महिन्याला २,४०० युरोंची मिळकत दाखवावी लागत होती. त्याच वर्षी स्पेनमधले किमान वेतन १,१८४ युरो होते. ते वर्षातून चौदा वेळा मिळते, म्हणजे महिन्याला सरासरी १,३८१ युरो पडतात. पाहुण्याची कमीत कमी मिळकत स्थानिक मजुराच्या किमान मजुरीच्या पावणेदोन पट झाली. दोघे एकाच घराची पाटी वाचून दाराशी आले, तर किल्ली कोणाच्या हाती पडेल, हे सांगायला गणिताचा मास्तर नको.

२०२४ च्या जूनमध्ये मालागाचे हजारो रहिवासी घरांसाठी रस्त्यावर उतरले. २०२५ च्या एप्रिलमध्ये स्पेनच्या कितीतरी शहरांत असेच मोर्चे निघाले. पाच लाख युरोंचे घर घेणाऱ्या परदेशी माणसाला निवासाचा परवाना देणारी योजना २०१३ मध्ये सुरू झाली होती; ती ३ एप्रिल २०२५ रोजी बंद करण्यात आली. मालागा नगरपालिकेने २०२५ च्या जानेवारीत ४३ मोहल्ल्यांत पर्यटकांसाठी नवी घरे नोंदवणे थांबवले.

कोणी म्हणेल, यात भाडेकरूचा काय दोष? भाव वाढवतो तो मालक. कोणी म्हणेल, बाहेरच्यांच्या पैशावरच तर ती गावे पोसली. दोन्ही म्हणणी खरी आहेत, पण अपुरी आहेत. बाजारात कोणी एकटा भाव चढवत नाही. देणाऱ्याच्या हातानेच तो चढतो. आणि ज्या गावात भाकरी मिळते पण निजायला जागा मिळत नाही, ते गाव पोसले गेले असे कसे म्हणावे?

त्याच उन्हाचे दुसरे रूप पूर्वेला अल्मेरियात दिसते. तिथे तीस हजार हेक्टरांहून अधिक जमिनीवर प्लास्टिकची हरितगृहे आहेत. युरोपच्या ताटातले टोमॅटो नि काकड्या तिथून जातात. तिथे राबणारे अनेक मजूर मोरोक्कोचे. तेही परदेशातून आलेले, त्यांनाही लांबच्या मुदतीचे घर हवे असते. पण अनेकांना भाड्याने घर मिळत नाही. ते फळ्या आणि प्लास्टिकच्या झोपड्यांत राहतात. २००० च्या फेब्रुवारीत एल एखिदो गावात मोरोक्कन मजुरांवर हल्ले झाले. २०२३ च्या जानेवारीत निखारजवळची एक वस्ती पाडली गेली. एकाच सूर्याखाली एकाला ‘रहिवासी पाहुणा’ म्हणायचे आणि दुसऱ्याला ‘घुसखोर’, हा न्याय कुठला?

आमच्यापैकी काहींना अंदलुस म्हटले की उसासा येतो. मालागाचा अल्कासाबा किल्ला अजून उभा आहे. १४८७ मध्ये शहर पडले आणि बहुतेक रहिवासी गुलाम झाले. १६०९ ते १६१४ या काळात उरल्यासुरल्या मोरिस्कोंनाही देशाबाहेर घालवले. हा इतिहास खरा आहे. पण त्यातून आज कोणाच्या घरावर आमचा हक्क निर्माण होत नाही. त्यातून एवढाच धडा मिळतो, की राहते घर सुटण्याचे दुःख कुठल्या एका कौमेच्या मालकीचे नसते.

हे दुःख कोकणच्या मुसलमानांना वेगळे सांगायला नको. रत्नागिरी, दापोली, श्रीवर्धनकडची कितीतरी माणसे आखाताच्या उन्हात भाड्याच्या खोलीत तीस-तीस वर्षे राहिली. निवासाचा परवाना नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की घरही गेले. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतले, तेव्हा दीड लाखाहून अधिक भारतीयांना परत आणावे लागले. भरले घर मागे टाकून ती माणसे परतली. भाडेकरूची असुरक्षितता आम्हांला ठाऊक आहे. पण नाण्याची दुसरी बाजूही आमच्याच गावात आहे. आखाती पैशाने बांधलेले मोठे घर वर्षातले अकरा महिने कुलूपबंद असते, आणि जमिनीचे भाव असे चढलेले, की गावातल्या मच्छीमाराला चार गुंठे घेणे परवडत नाही. तेव्हा हा प्रश्न गोऱ्यांचा म्हणून आम्हांला बाजूला सारता येत नाही.

मग परक्या किनाऱ्यावर जायचेच नाही काय? जावे, जरूर जावे. माणूस हिंडता-फिरता राहिला म्हणूनच एक शब्द अरबस्तानातून निघून मालागालाही पोहोचला आणि आमच्या वर्गातही आला. पण जाणाऱ्याने घर राहण्यासाठी घ्यावे, अडवून ठेवण्यासाठी नव्हे. खोटा हंगामी करार करू नये. नगरपालिकेच्या दप्तरी आपले नाव नोंदवावे, कारण तिथल्या गावांना सरकारी निधी नोंदलेल्या लोकसंख्येप्रमाणे मिळतो. तिथली भाषा शिकावी. घासाघीस न करता जादा भाडे देऊ करण्याआधी त्याच गल्लीतल्या मजुराला काय परवडते, हे विचारावे. आणि आपल्या बाजारात त्याचीही पिशवी भरते की नाही, इकडे लक्ष ठेवावे.

घर सोडताना मालक भिंती तपासतो, नळ तपासतो आणि अनामत परत करतो. गल्ली तपासणारा कोणी नसतो. आम्ही आलो तेव्हा शेजारी जे राहत होते, ते आम्ही निघताना तिथेच आहेत काय, हे ज्याचे त्यानेच पाहायचे असते. किराया मालकाला देऊन झाला, तरी शेजाऱ्याची ही अमानत आपल्याकडे उरतेच.