पिठाचा कोंबडा आणि नववीचा वर्ग

‘नाटकं करू नकोस’ हे वाक्य ऐकल्याशिवाय आपल्याकडचं कुठलंही मूल मोठं होत नाही. पोट दुखतंय म्हणून शाळा बुडवणाऱ्या पोराला आई हेच म्हणते आणि माहेरी जाण्याचा हट्ट धरणाऱ्या सुनेला सासूही हेच म्हणते. ‘नाटकी’ हा शब्द आपण कौतुकानं कधीच वापरत नाही. आणि हे कुठं, तर ज्या मुलखात सांगलीला १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, ज्या बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले, त्या मुलखात! तिकीट काढून नाटक बघायला आपल्याला आवडतं. आपल्या घरातल्या मुलानं ते करावं, तेही शाळेच्या वेळापत्रकात, गणित-विज्ञानाच्या शेजारी बसून, असं कुणी म्हटलं की मात्र कपाळाला आठ्या पडतात.

गेली काही वर्षं मी बेळगावच्या बाजूला एका मराठी हायस्कुलात नववीच्या वर्गावर आठवड्याला नाटकाचा एक तास घेते. स्नेहसंमेलनाची तालीम नव्हे. बाकं भिंतीला लावायची, चाळीस मिनिटं, सगळा वर्ग. मराठीचा तास सोडून हे काय खूळ, असं विचारणारे पालक दरवर्षी भेटतात आणि त्यांचे आक्षेप दोन जातींचे असतात.

पहिला आक्षेप मार्कांचा. त्याच्यावर मी फार वेळ घालवत नाही. नाटकानं मार्क वाढतील असं मी कुणाला सांगितलेलं नाही. टोरांटोत ग्लेन शेलेनबर्ग नावाच्या संशोधकानं सहा वर्षांच्या १४४ मुलांवर प्रयोग केला, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. वर्षभरात संगीत शिकलेल्या मुलांचा बुद्ध्यंक थोडासा अधिक वाढला. नाटक शिकलेल्यांचा तसा काही वाढला नाही. पण चारचौघांत वागणं सुधारलं, ते फक्त त्यांचंच. पुढं २०१२ साली थालिया गोल्डस्टीन आणि एलन विनर या दोघींनी अमेरिकेत वर्षभर अभिनय शिकणाऱ्या मुलांची इतर कला शिकणाऱ्या मुलांशी तुलना केली. त्यात हायस्कूलची मुलंही होती. अभिनयवाल्यांमध्ये दुसऱ्याचं मन जाणण्याची वृत्ती अधिक वाढलेली दिसली. आता हे ऐकून ‘मग इंजिनिअरिंगला याचा काय उपयोग?’ असं विचारणारे वडील असतात. त्यांना मी चहा देते.

दुसरा आक्षेप मात्र खरा आहे. तो मला बस्तीत, पूजा आटोपून बाहेर पडताना, आमच्याच समाजातल्या एका आईनं विचारला. तिच्या मुलीनं वर्गात दारू पिऊन बायकोला मारणाऱ्या नवऱ्याचं काम केलं होतं. गल्लीत जे दिसतं त्यावर प्रसंग बसवा, एवढंच मी सांगितलं होतं. हा प्रसंग मुलांनीच निवडला. आई म्हणाली, “आक्का, यशोधर राजाची गोष्ट तुमाला मी सांगायला पायजे काय? पिठाचा कोंबडा कापला तरी पाप लागलंच की त्याला. मग माझ्या पोरीनं खोटं खोटं का होईना, हात उचलायचा म्हंजे काय?”

ज्यांना गोष्ट ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. उज्जयिनीच्या यशोधर राजाला वाईट स्वप्न पडलं. अरिष्ट टळावं म्हणून देवीला बळी दे, असा आईनं आग्रह धरला. राजा जीव मारायला तयार होईना. शेवटी तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा करून तो कापला. तेवढ्यानं मायलेकांना मोर, कुत्रा अशा पशुयोनींत जन्मामागून जन्म काढावे लागले. सोमदेवसूरींनी दहाव्या शतकात ही कथा ‘यशस्तिलका’त सांगितली, जन्न कवीनं १२०९ साली कानडीत ‘यशोधरचरिते’ लिहिलं. आमच्या घरांत ती पणजीपासून चालत आलेली आहे.

तेव्हा त्या आईला ‘अहो, ते नुसतं नाटक आहे’ असं म्हणून मोकळं होता येईना. कारण ती कथा नेमकं हेच सांगते, की ‘नुसतं’ असं काही नसतं. पाप पिठात नव्हतं, सुरीतही नव्हतं. ते भावात होतं. कोंबडा मेला असं राजानं मनात धरलं आणि त्या मरणाचं फळ मागितलं. संकल्पी हिंसा म्हणतात ती हीच.

मग नववीतल्या त्या मुलीचा भाव कोणता होता? ‘तिला मारायचं नव्हतंच, म्हणजे दोष नाही’ हे उत्तर सोपं आहे, पण अर्धंच. कारण राग मनात आणल्याशिवाय रागाचं काम वठत नाही. आणि मनात आणला, तर तो आला की हो! चोवीसशे वर्षांपूर्वी ग्रीसमध्ये प्लेटोला हीच धास्ती होती. ‘रिपब्लिक’च्या तिसऱ्या भागात तो म्हणतो, नगराचं रक्षण करणाऱ्यांनी भेकडांची, वेड्यांची, हलक्या माणसांची नक्कल लहानपणापासून करू नये, नक्कल हळूहळू स्वभाव बनते. त्याच्या या म्हणण्यात तथ्य आहे असं मला वाटतं. पण ते दोन्ही बाजूंनी लागू होतं. गांधीजींनी लहानपणी राजा हरिश्चंद्राचं नाटक पाहिलं आणि मनाशी ते अगणित वेळा करून पाहिलं, असं त्यांनीच आत्मकथेत लिहून ठेवलंय. सत्याचं वेड लागलं ते नाटकातून. नक्कल जर अंगात मुरत असेल, तर काय मुरवायचं आणि मुरण्याआधी ते पारखायचं कसं, हा खरा प्रश्न. नाटक पूर्ण बंद करून तो सुटत नाही, कारण पोरं घरी, गल्लीत, मोबाईलवर नकला करतच असतात. फक्त तिथं त्यांना कुणी थांबवून विचारत नाही.

वर्गात आम्ही विचारतो. त्या मुलीनं हात उचलला तिथंच मी टाळी वाजवून प्रसंग थांबवला. सगळे खाली बसले. आमचा नियम आहे, काम झालं की ज्यानं केलं त्यानं आधी बोलायचं, बाकीच्यांनी मागून. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मी हात उचलला तर सगळे एकदम गप्प झाले, बाई. मला बरं वाटलं.” थोडं थांबून म्हणाली, “बरं वाटलं त्येचंच कसं तरी झालं.”

चौदा वर्षांच्या मुलीला हे कळलं, की दुसरा घाबरला की आपल्याला बरं वाटू शकतं. आम्ही प्रतिक्रमणात रोज संध्याकाळी दोषांची यादी म्हणतो. तोंडपाठ असते, भराभर म्हणतो. आलोचना आलोचना म्हणतात ती मला त्या दिवशी बाकं सरकवलेल्या वर्गात ऐकू आली. यशोधराच्या आणि तिच्यात फरक आहे तो इथं. त्यानं पिठाचा कोंबडा केला तो खऱ्याकडं बघावं लागू नये म्हणून. ही खोटा हात उचलून खऱ्याकडं बघत होती.

आता कुणी म्हणेल, मग हे हौशी मुलांपुरतं ठेवा की, सगळ्या वर्गाला कशाला? त्याचं कारण स्नेहसंमेलनात दिसतं. गोरी मुलगी राजकन्या. अंगानं थोराड मुलगा राक्षस. डॉक्टरांचा मुलगा शिवाजी महाराज. आणि ज्याची आई चार घरची धुणीभांडी करते, तो भालदार, आठवीतही आणि दहावीतही. (आमच्या पंचकल्याणकात सौधर्म इंद्र कोण होणार हे बोलीवर ठरतं. तिथं निदान आकडा सगळ्यांसमोर पुकारतात.) नाटक मोजक्यांचं झालं की ते दुसऱ्याच्या जागी जाणं उरत नाही. जो जिथं आहे तिथंच त्याला रंग लावून उभं करणं होतं. आमच्या तासाला म्हणून एकच पक्का नियम आहे: घरी जो आहेस तो इथं व्हायचं नाही.

एकदा खाडे कापण्याचा प्रसंग होता. किराणा दुकानदाराचा मुलगा झाला हमाल आणि हमालाचा मुलगा झाला मालक. हमालाच्या मुलानं मालक असा उभा केला की वर्ग थक्क झाला. आरडाओरडा नाही, शिवी नाही. मोबाईलवरची नजर न काढता म्हणाला, “उद्यापासनं येऊ नको.” दुकानदाराच्या मुलाला पुढचं वाक्यच सुचेना. त्याला शब्द दिलेलेच नव्हते कुणी. मागायचे कसे हे त्याला कधी शिकावंच लागलं नव्हतं. एकाला समोरच्याची भाषा पाठ होती, दुसऱ्याला आपल्या दुकानातल्या माणसाचं एक वाक्य येत नव्हतं.

यावरून दुकानदाराच्या मुलाला हमालाचं दुःख कळलं, असं मात्र मी म्हणणार नाही. चाळीस मिनिटांत कुणाचं दुःख कळत नसतं. तो घरी जाऊन गरम जेवलाच. उलट ‘मी एकदा हमाल झालो होतो’ असं पुढं बढाईनं सांगणारी माणसं मला भारी धोकादायक वाटतात. त्याला कळलं ते एवढंच, की आपल्याला काही ठाऊक नाही. वस्तूला अनेक बाजू असतात हे अनेकांताचं वाक्य आम्ही लहानपणापासून सात आंधळे आणि हत्ती यांच्या गोष्टीतून पाठ करतो, आणि गोष्ट ऐकताना आपण स्वतः मात्र डोळस आहोत असंच धरून चालतो.

सीमाभागात तर हा तास अगदी निराळ्या कामाला येतो. इथल्या पोरांना पाट्यांची भांडणं वारशात मिळालेली आहेत. मराठी मुलानं कानडी कंडक्टर करायचा म्हटलं की आधी तो नुसती थट्टा करतो, हेल काढतो, वर्ग खो खो हसतो. हसू द्यावं. मग मी विचारते, “हा सुट्टे पैसे का देत नाहीये? कारण सांग.” कारण शोधायला लागला की हेल गळून पडतो. पहाटे पाचला घरातून निघालेला, दुपारी हिशेबात तूट आली तर खिशातून भरावी लागणारा माणूस दिसायला लागतो. पोरं त्याला मग बायको देतात, पोरगी देतात. एकानं तर त्याला मूळव्याध दिली.

सगळ्यांनी म्हणजे जबरदस्ती काय, असंही विचारतात. लाजाळू मुलाला ढकलून उभं करणं हीसुद्धा हिंसाच. म्हणून तासाला प्रेक्षक कुणी नसतो, पण बोललंच पाहिजे असंही नसतं. एक मुलगी दोन महिने नुसती वही घेऊन बसली होती, कोण काय बोललं ते टिपून ठेवायची. तिसऱ्या महिन्यात तिनं हात वर केला: “बाई, मागच्या तासाला ह्येची आई मेलती. आज चहा कशी करतीय?” तेव्हापासून तिला विचारल्याशिवाय वर्गात कुणी मरत नाही.

खर्च म्हणाल तर शून्य. पडदा नको, रंग नको. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं संगीत, नृत्य, चित्रकलेच्या जोडीला नाट्यही शालेय शिक्षणात असावं असं म्हटलेलंच आहे. कर्नाटकात काही सरकारी हायस्कुलांत नाटकाचे शिक्षकही नेमले गेले. कागदावर सगळं आहे. तास मात्र परीक्षा जवळ आली की पहिला आमचाच जातो.

त्या आईला मी हे सगळं सांगितलं, तिच्या मुलीचं वाक्यही सांगितलं. तिचं पूर्ण समाधान झालं नाही. ती म्हणाली, “आक्का, तुमचं खरं असंल. पण दशलक्षणात तेवढं नको.” मला ते पटलं. त्या दहा दिवसांत मुलगी वही सांभाळते आणि वहीवाली प्रसंगात उतरते. परवा ती पोलीस झाली होती. दाराशी उभी राहून तिनं आधी चपला काढल्या, मग आत येऊन अटक केली. का काढल्या म्हणून वर्गानं तिला पंधरा मिनिटं धारेवर धरलं.