धड आणि कंठ

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांचे कंपन विद्युत्प्रवाहात उतरते ते पिकअपमुळे. लोहचुंबकाभोवती तांब्याच्या केसाएवढ्या तारेचे हजारो वेढे, एवढेच त्याचे स्वरूप. तो बदलला की वाद्याचा कंठच बदलतो. मग वाद्य तेच राहिले काय? मिलिंद राजाला रथाविषयी विचारणाऱ्या नागसेनाने हा वाद पूर्वीच रंगवला आहे. मला त्यात फारसा रस नाही. नैतिक प्रश्न निराळाच आहे. डाख सोडवून जुना पिकअप पुन्हा बसवता येतो. परंतु एका वेटोळ्याच्या जागी दोन वेटोळ्यांचा घालण्यासाठी पटाशीने कोरलेले लाकूड परत येत नाही. (सरकारी निवासस्थानात खिळा ठोकताना आपला हात अडखळतो, तो याच जाणिवेने!) एडी व्हॅन हेलनने १९७० च्या दशकात फेंडरच्या धर्तीच्या, स्वस्तात घेतलेल्या धडात असेच कोरून गिब्सनचा पिकअप बसवला, २०१९ मध्ये ती गिटार न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात मांडली गेली. तेवढ्याने पटाशीचे समर्थन होते, असे मी म्हणणार नाही. त्या धडाला मागचा वादक नव्हता, इतकेच. १९५० च्या दशकातली, अनेक हातांतून आलेली गिटार कोरणाऱ्याला ही सबब नाही. पुढे ती ज्याच्या हाती जाईल, त्याची संमती त्याने कोठे घेतलेली असते?