दर्यातला वाटा

यवतमाळ जिल्ह्याला समुद्र नाही. पश्चिमेचा अरबी समुद्र आणि पूर्वेचा बंगालचा उपसागर, दोन्ही सरळ रेषेत मोजले तरी पाचशे किलोमीटरांहून लांब. पुसद, उमरखेडकडच्या चौथी-पाचवीच्या मुलांनी पाहिलेले सर्वांत मोठे पाणी म्हणजे पावसाळ्यातली पैनगंगा किंवा एखादे धरण. अशा मुलांना खोल समुद्रात दोन-दोन महिने राहणाऱ्या संशोधन जहाजावरचे जीवन दाखवावे का, आणि दाखवायचे तर कशासाठी, हा प्रश्न आम्ही येथे मांडत आहोत. वरवर पाहता तो शिक्षणाचा प्रश्न आहे. मुळात तो वाट्याचा, म्हणजेच नीतीचा प्रश्न आहे.

'जॉइडिस रिझोल्यूशन' हे जहाज १९८५ पासून २०२४ पर्यंत जगभरच्या समुद्रतळात खोल भोके पाडून गाळाच्या आणि खडकाच्या लांब कांड्या वर काढत होते. २०१५ च्या एप्रिल-मे महिन्यांत ते आपल्याच अरबी समुद्रात, लक्ष्मी खोऱ्यात होते. तिथे पाणी साडेतीन किलोमीटरांहून खोल आणि तळाखाली आणखी अकराशे मीटरपर्यंत वेध. मोहिमेच्या दोन प्रमुख वैज्ञानिकांपैकी एक, धनंजय पांडे, गोव्याच्या राष्ट्रीय संशोधन केंद्राचे. हिमालय झिजून सिंधू नदीने समुद्रात नेलेल्या गाळात मोसमी पावसाचा लाखो वर्षांचा हिशेब कसा लिहिला गेला आहे, हे त्यांना वाचायचे होते.

या जहाजाची एक रीत होती. मोहिमेवरची माणसे भर समुद्रातून व्हिडिओवर शाळांच्या वर्गांशी बोलत. प्रयोगशाळा दाखवत, बारा-बारा तासांच्या पाळ्या कशा चालतात ते सांगत, मुलांच्या शंकांना उत्तरे देत. अनेक संशोधन जहाजांवर आणखी एक गमतीची रीत आहे. शाळकरी मुलांनी रंगवलेले थर्मोकोलचे पेले जाळीच्या पिशवीत घालून उपकरणांबरोबर खोल पाण्यात सोडतात. दर दहा मीटरांना पाण्याचा दाब सुमारे एका वातावरणाइतका वाढतो. तीन-साडेतीन हजार मीटरांवरून पेला वर येतो तेव्हा तो आक्रसून अंगठ्याएवढा झालेला असतो. त्यावरचे नाव आणि चित्र तसेच असते, फक्त इवलेसे. मुलाला तो परत मिळतो.

आता आक्षेप. आमच्या भागातला एखादा बाप विचारील की, याने पोट भरणार आहे का? कापूस वेचणीच्या दिवसांत वर्गातली पटावरची मुले शेतात असतात. कुणाचा बाप जिनिंगमध्ये हमाल, कुणाची आई घरी शिलाई मशीन चालवते, कुणाकडे बागवानीची हातगाडी. पिंजाऱ्यांच्या घरातली धुनकी खुंटीला लागून जमाना झाला. या मुलाला वर्गात बसवून पडद्यावर समुद्र दाखवायचा, शास्त्रज्ञाने हात हलवायचा आणि पडदा बंद करायचा. पुढे त्या जहाजापर्यंत जाणारी वाट मात्र कुणी दाखवायची नाही. उपाशी माणसाला हलवायाच्या दुकानासमोर उभे करावे, तसे हे नव्हे काय?

हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. वाट न दाखवता नुसता नवलाचा पदार्थ दाखवणे ही मुलाची थट्टाच आहे. पण आक्षेपाच्या पोटात एक समजूत दडलेली आहे, ती आम्हाला मान्य नाही. समुद्र ही या मुलासाठी परकी, चैनीची वस्तू आहे, अशी ती समजूत.

खरे पाहिले तर या मुलाचे घर समुद्रावरच चालते. मृग कोरडा गेला, पेरलेली सरकी करपली आणि दुबार पेरणीसाठी पुन्हा बियाण्याच्या दुकानाची पायरी चढावी लागली, तर त्या घरात काय होते हे यवतमाळला कुणी सांगायला नको. कर्ज आणि आत्महत्या यांच्या बातम्यांनी या जिल्ह्याचे नाव देशभर गेले. तो पाऊस ज्या वाऱ्यांवर स्वार होऊन येतो ते वारे समुद्रावरून येतात. समुद्राचे तापमान मोजणारी 'आर्गो' नावाची सुमारे चार हजार तरंगती यंत्रे आज जगभरच्या महासागरांत आहेत. ती बहुधा दर दहा दिवसांनी दोन हजार मीटर खोल जाऊन वर येतात आणि उपग्रहाकडे आकडे धाडतात. त्या आकड्यांचा पावसाच्या अंदाजाशी संबंध आहे आणि अंदाजाचा संबंध बापाच्या पेरणीशी. मग जहाजावर काय चालते हे जाणण्याचा पहिला हक्क कुणाचा? बंदराकाठी बंगला असलेल्याचा, की ज्याचे वर्षाचे अन्न त्या पाण्यावर अवलंबून आहे त्याचा?

आणि पायाखाली तरी काय आहे? वणी-राजूर भागात चुन्याच्या भट्ट्या आहेत. तिथला चुनखडक कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रात साचला. भूशास्त्रज्ञ त्या खडकांच्या गटाला पैनगंगेचेच नाव देतात. म्हणजे वणीच्या पोराला समुद्रतळ दाखवायला व्हिडिओची गरजच नाही, तो त्याच्या घराच्या भिंतीला लावला आहे.

आमच्या बोलीतही दर्या आहेच. जहाज, खलाशी, सुकाणू हे शब्द अरबीतून आले. बंदर, दर्या हे फारसीतून. 'मोसमी' या शब्दामागे अरबी 'मौसिम' उभा आहे. पंधराव्या शतकातला नाविक अहमद इब्न माजिद याने हिंदी महासागरातल्या प्रवासाचे मोसम आणि ताऱ्यांच्या खुणा आपल्या ग्रंथांत लिहून ठेवल्या, कारण त्या ज्ञानावर माणसांचे जीव अवलंबून होते. त्या शब्दांपैकी 'मोसम' शेतकऱ्याच्या तोंडी रोज असतो. तो कुठून आला हे मुलाला सांगणे म्हणजे त्याला त्याच्याच घरातली बंद खोली उघडून देणे.

येथे कुणी डॉ. सय्यद जहूर कासिम यांचे नाव घेईल, आणि घ्यावेच. अलाहाबादेत जन्मलेला, अलिगढला शिकलेला हा माणूस गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचा संचालक झाला. अंटार्क्टिकावर उतरलेल्या पहिल्या भारतीय मोहिमेचे नेतृत्व त्यांनी केले. डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघालेली ती मोहीम ९ जानेवारी १९८२ रोजी तिथे पोचली. पुढे ते जामिया मिल्लियाचे कुलगुरू झाले. नागपूरला जन्मलेल्या अदिती पंत १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत अंटार्क्टिकावर गेल्या. तिथे जाणाऱ्या पहिल्या दोन भारतीय स्त्रियांपैकी त्या एक. त्यांना समुद्राची ओढ लावली ती ॲलिस्टर हार्डी यांच्या 'द ओपन सी' या पुस्तकाने. नागपूर आमच्यापासून काही तासांवर आहे, आणि समुद्र नागपूरलाही नाही.

ही उदाहरणे आम्हाला प्रिय आहेत, तरी त्यांचा उपयोग जपून करावा असे वाटते. "बघ, तूही कासिम हो" असे शंभर मुलांना सांगितले तर नव्व्याण्णवांना आपण नापास ठरवून ठेवतो. पुढे गॅरेज टाकणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या, शेती राखणाऱ्या मुलालाही समुद्र कळण्याचा तेवढाच अधिकार आहे. इल्म ही अमानत आहे असे आपल्या घरांतून मानले जाते. अमानत परत देताना मालक पुढे कोण होणार हे कुणी विचारत नाही, ती ज्याची आहे त्याला पोचवायची असते. संशोधन जहाजे तर लोकांच्या पैशावर चालतात. त्या पैशात काडेपेटीवरच्या करापासून सरकी-तेलावरच्या करापर्यंत सगळे आले.

मग वाटून घेणे कशाला म्हणावे? आमच्या मते तीन गोष्टी लागतात. पहिली, खरेपणा. लहान मुलांना फक्त डॉल्फिन आणि सूर्यास्त दाखवू नयेत. बोट लागून ओकणारा शास्त्रज्ञ, रिकामे वर आलेले जाळे, इंजिनघरातला खलाशी, ईदेला घरापासून दूर असलेला भटारखान्यातला माणूस, आणि "हे आम्हाला अजून कळलेले नाही" हे उत्तर, हे सगळे दाखवावे. मूल खोटी चमक लवकर ओळखते. दुसरी, भाषा. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत आणि उर्दू शाळेत समुद्र इंग्रजीतून आला, तर तो पुन्हा पाचशे किलोमीटर लांब जातो. तिसरी आणि सर्वांत अवघड, परतीचा रस्ता. मुलाचा प्रश्न जहाजापर्यंत गेला पाहिजे आणि त्यावर कुणीतरी खरोखर विचार केला पाहिजे. त्या थर्मोकोलच्या पेल्याचे मोल हेच. त्यात दाबाचा धडा आहेच, शिवाय मुलाने स्वतःच्या हाताने दिलेले काहीतरी तळाशी जाऊन आलेले असते.

वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने २०१७ मध्ये 'जिज्ञासा' उपक्रम सुरू करून प्रयोगशाळांची दारे शाळांना उघडली. सुरुवात केंद्रीय विद्यालयांपासून झाली. तिथून घाटंजीच्या किंवा आर्णीच्या उर्दू शाळेपर्यंतचे अंतर अंटार्क्टिकापेक्षा कमी आहे, पण ते आपोआप कापले जात नाही. त्यासाठी एका शिक्षिकेने पत्र लिहावे लागते, शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकाने पाठपुरावा करावा लागतो, मोहल्ल्याच्या वाचनालयात समुद्रावरची चार पुस्तके ठेवावी लागतात आणि मुलीला ती वाचायला दुपारची एक तास फुरसत द्यावी लागते. यातले काहीही गोव्यातून होणार नाही, ते इथेच करायचे आहे. आणि पहिले पत्र लिहाल तेव्हा त्यात आपले म्हणणे कमी आणि मुलांचे प्रश्न जास्त असू द्या. त्यातला एक तरी प्रश्न असा निघेल की पाऊस नक्की कधी येणार, आणि त्याचे उत्तर शोधायला एखादे जहाज पुन्हा समुद्रात जाईल.