पुरावा आभाळातून पडत नाही

‘पुरावाच नाही हो.’ या आठवड्यात हे वाक्य तीनदा कानावर आलं. एकदा बालरोगतज्ज्ञ मित्राकडून, एकदा इंग्लंडहून सुट्टीवर आलेल्या भाचेजावयांकडून आणि एकदा सकाळी फिरायला येणाऱ्या एका गृहस्थांकडून. या गृहस्थांना ब्रिटनमधली प्युबर्टी ब्लॉकर्सवरची (मुलांचं वयात येणं थांबवणाऱ्या औषधांवरची) बंदी म्हणजे ट्रान्स मुलं मुळात नसतातच याचा दाखला वाटतो. तिघांचे सूर वेगळे, वाक्य एकच. आणि त्या वाक्यात कर्ता नाही.

कर्ता गाळलेल्या वाक्यांवर माझा राग जुना आहे, नियमित वाचकांना तो ठाऊक आहे. ‘निधी उपलब्ध झाला नाही.’ ‘नोंद आढळून आली नाही.’ यंदा पाऊस नाही म्हणावं, तसं आता ‘पुरावा नाही’ म्हणतात. पण पुरावा आभाळातून पडत नाही. औषध दिलं त्या दिवशी कुणीतरी वही उघडायची असते, मुलाचं वय लिहायचं असतं, सहा महिन्यांनी, दोन वर्षांनी, दहा वर्षांनी त्याला पुन्हा बोलावून ते कसं आहे ते लिहायचं असतं. हे झालं नाही. कुणी केलं नाही, हे विचारायला हवं.

लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचं मुलांसाठीचं केंद्र १९८९ पासून चालत होतं. जन्माच्या वेळी नोंदवलेलं लिंग आपलं नाही असं वाटणाऱ्या मुलांसाठी इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेचं हेच ठिकाण. २०११ ते २०१४ या काळात तिथे बारा ते पंधरा वयाच्या ४४ मुलांना अभ्यास म्हणून वयात येणं थांबवणारं औषध सुरू केलं गेलं. निष्कर्ष बाहेर यायला २०२० चा डिसेंबर उजाडला. तोवर थांबलं कोण? अभ्यासाचा निकाल यायच्या कितीतरी आधी हाच उपचार नेहमीचा झाला होता. २०११-१२ मध्ये केंद्राकडे वर्षाला अडीचशेहून कमी मुलं पाठवली जात, २०२१-२२ मध्ये पाच हजारांहून जास्त. अखेर निष्कर्ष आले तेव्हा दिसलं की ४४ पैकी ४३ मुलं पुढे लिंगबदलासाठीच्या हार्मोन्सकडे गेली. हा उपचाराचा गुण, की एकदा त्या वाटेवर पाऊल पडलं की मागे फिरणं अवघड? ४४ मुलांवरून सांगता येत नाही. सांगता आलं असतं ते त्यांच्यामागून आलेल्या मुलांवरून.

त्याच महिन्यात लंडनच्या उच्च न्यायालयाने या उपचाराला मुलांनी द्यायच्या संमतीबद्दल निर्णय दिला. त्याआधी त्याने औषध दिलेल्या मुलांची वयं काय, त्यांत स्वमग्न किती, असे साधे प्रश्न विचारले होते. आकडे तयार नव्हते. न्यायालयाचा तो निर्णय पुढच्या वर्षी अपिलात फिरला, आणि माझ्या मते योग्यच फिरला, कारण मूल संमती देऊ शकतं की नाही हे डॉक्टरांनी पाहायचं असतं. पण अपील जिंकल्याने वहीतले रिकामे रकाने भरले नाहीत.

सर्वांत मोठी चीड मला पुढच्या प्रकरणाची येते. या उपचारांचा आढावा घेणाऱ्या डॉ. हिलरी कॅस यांच्या समितीला या केंद्रातून पूर्वी गेलेल्या सुमारे ९,००० जणांचं पुढे काय झालं ते पाहायचं होतं. ही मुलं आता मोठी झाली होती, प्रौढांच्या दवाखान्यांत जात होती. माहिती देता यावी म्हणून सरकारने २०२२ मध्ये कायद्याची अडचणसुद्धा दूर केली. तरी सातपैकी सहा दवाखान्यांनी नकार दिला. एप्रिल २०२४ मध्ये कॅस अहवाल आला, गदारोळ झाला, तेव्हा कुठे ते सहकार्याला राजी झाले. म्हणजे माहिती होती. कपाटात होती. ज्यांच्या हाती कपाटाची किल्ली होती त्यांनी ती फिरवली नाही, आणि आज सगळे मिळून म्हणतात, पुरावा नाही.

याउलट आपल्याकडचं उदाहरण पाहा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने नव्वदच्या दशकात ३९ गावांत घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली. काम करणाऱ्या गावातल्याच स्त्रिया, बऱ्याचशा जेमतेम शिकलेल्या. बाळाचं वजन, ताप, श्वास, सगळं त्यांनी लिहिलं. १९९९ मध्ये ते काम ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं आणि जगाने ते मानलं, कारण वही होती. जंगलातल्या गावात जे जमलं ते लंडनमध्ये का जमू नये?

बाकीच्या सबबींना मी फार जागा देणार नाही. ‘हे तर नुसतं विरामाचं बटण’ म्हणणाऱ्यांनी वाढत्या वयात हाडांत भरणाऱ्या खनिजांचं काय होतं ते वाचावं. ‘पाश्चात्त्य थेरं’ म्हणणाऱ्यांनी अशा एखाद्या मुलाच्या आईशेजारी तासभर बसावं.

बंदी चुकीची होती असं मी म्हणत नाही. मे २०२४ मध्ये ती तात्पुरती आली, डिसेंबरमध्ये आरोग्यमंत्री वेस स्ट्रीटिंग यांनी ती बेमुदत केली. सध्याच्या व्यवस्थेत हे औषध देत राहण्यात मान्य करता येणार नाही इतका धोका आहे, असा तज्ज्ञांचा सल्ला त्यांच्यासमोर होता. त्या खुर्चीत बसून मीही बहुधा तीच सही केली असती. सहा-सात वर्षांच्या मुली अकाली वयात येऊ लागल्या तर त्यांना हेच औषध आजही मिळतं, आणि ते योग्यच आहे, कारण तिथे अनेक वर्षांचा अनुभव लिहून ठेवलेला आहे. फरक औषधात नाही, नोंदीत आहे.

आता लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या नेतृत्वाखाली सव्वादोनशेच्या आसपास मुलांवर याच औषधाची चाचणी आखली गेली. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिला मंजुरी मिळाली आणि लगेच वादळ उठलं. काल ‘पुरावा नाही’ म्हणणारे आज ‘पुरावा गोळा करू नका’ म्हणत आहेत. त्यांतल्या काहींची भीती खरी आहे. धोका ठाऊक असताना मुलांना चाचणीत घ्यावं का, याचं उत्तर माझ्यापाशी नाही. पण चाचणी नको म्हणणाऱ्यांनी निदान ‘पुरावा नाही’ हे वाक्य तोंडातून काढू नये.

चाचणीत नसलेली हजारो मुलं दवाखान्यांच्या रांगेत आहेत. पहिल्या भेटीसाठी दोन वर्षांहून जास्त वाट पाहावी लागते, आणि बोलायला, ऐकायला तिथे माणूस मिळत नाही. औषध नाकारलं तर माणूस द्यायला हवा होता. बंदीचा फेरविचार २०२७ मध्ये आहे. डिसेंबर २०२४ मध्ये बारा वर्षांचं असलेलं मूल तेव्हा पंधराचं असेल, आवाज फुटलेला असेल किंवा पाळी सुरू झालेली असेल. औषध न मिळालेल्या या तीन वर्षांत त्याचं काय झालं, शाळा सुटली का, झोप लागते का, की ते त्या शरीरात हळूहळू रुळलं, हे कोण लिहून ठेवतं आहे?