गाठीचा स्वभाव आणि नियती

बार्शीला १९८७ साली सुरू झालेल्या ग्रामीण कर्करोग नोंदणीत भूम तालुक्यातली गावेही येतात. अशा नोंदणीच्या आंतरराष्ट्रीय संकेतांकात गाठीच्या वर्तनासाठी वेगळा आकडा असतो: घातक असेल तर ३, साधी असेल तर ०. जबड्यातल्या अमेलोब्लास्टोमाच्या वाट्याला शून्य येते. पण हीच साधी गाठ हाड पोखरत जाते आणि नुसती खरवडून काढली तर पुष्कळदा पुन्हा उगवते. मग तिचा स्वभाव प्रथिनांत शोधला जातो. केआय-६७ या प्रथिनाची चाचणी केली की विभाजनाच्या वाटेवरच्या पेशींची केंद्रके काचपट्टीवर तपकिरी दिसतात, थांबलेल्यांची निळी. केरॅटोसिस्ट या जबड्यातल्याच दुसऱ्या गाठीच्या अस्तरात, विशेषतः तळाच्या थरालगत वर, तपकिरी ठिपके दातांभोवतीच्या साध्या सिस्टपेक्षा जास्त असतात. इथवर सारे ठीक. पण त्यावरून गाठीचे भवितव्य ठरलेलेच आहे असे म्हणणे हा नियतिवाद झाला.

भूम तालुक्यातल्याच कुंथलगिरीवर १९५५ साली जैन आचार्य शांतिसागरांनी सल्लेखना, म्हणजे अन्नत्यागाने देह ठेवण्याचे व्रत, घेतली. त्या जैन परंपरेत अशा नियतिवादाला उत्तर आहे: तत्त्वज्ञ सिद्धसेनांनी ‘सन्मतितर्क’ या ग्रंथात काळ, स्वभाव, नियती, पूर्वकर्म आणि पुरुषार्थ यांपैकी एकालाच कारण मानणे मिथ्या ठरवले. केरॅटोसिस्टला हे चपखल लागू पडते. तिचे अस्तर पातळ, काढताना फाटणारे. भिंतीत बारीक उपसिस्ट मागे राहतात. म्हणजे ती परत येणे शल्यविशारदाच्या हातावरही अवलंबून, आणि कधी कधी ती बऱ्याच वर्षांनी येते. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये तिला अर्बुद म्हटले, २०१७ मध्ये पुन्हा सिस्ट. पेशींना या नामांतराचा पत्ताही नसावा.

कोणी म्हणेल, २०१४ मध्ये अमेलोब्लास्टोमात सापडलेला बीआरएएफ जनुकातला बदल ही नुसती खूण नाही, ते कारणच आहे. मान्य. पण त्या बदलाला अडवणाऱ्या औषधाने काही रुग्णांची गाठ आक्रसली आहे. कर्मसिद्धान्तातही बांधलेले कर्म उदयाला येण्याआधी बदलू शकते. ‘निकाचित’, म्हणजे घट्ट बांधले गेलेले, तेवढे अटळ. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: जैनांच्या स्याद्वादाप्रमाणे सगळेच ‘स्यात्’, म्हणजे ‘एका अपेक्षेने’, म्हटले तर डॉक्टरने निर्णय कशावर घ्यायचा? स्याद्वाद म्हणजे संशय नव्हे. कोणत्या अपेक्षेने बोलतो आहोत ते सांगण्याची त्यात सक्ती आहे. म्हणून अहवालात ठिपक्यांची टक्केवारी देताना कोणत्या थरातल्या, किती पेशी मोजल्या हेही यायला हवे, आणि पुढची कित्येक वर्षे एक्स-रे काढत राहायचे हेही. ‘साधी गाठ आहे’ एवढेच ऐकून भूमला परतलेला माणूस जबडा पुन्हा सुजेपर्यंत तपासणीला कशाला येईल?